तमाशाच्या मुलखातला सिनेमा

आमच्या भागात सिनेमाला तमाशाच्या शेजारी उभं राहावं लागायचं, आणि लोक दोघांनाही एकाच मापानं मोजायचे. सिनेमा बघून आलेल्या माणसाला कसा होता म्हणून विचारलं, तर 'वग ढिला पडला', 'सोंगाड्या बरा होता', 'बाईचा आवाज चढत नव्हता' अशी उत्तरं यायची. नारायणगावच्या आसपास वाढलेल्या पोराला चित्रपटसमीक्षेसाठी वेगळी शाळा लागत नव्हती. मी काही सिनेमातला जाणकार नाही. दिग्दर्शक नावाचा कुणी असतो आणि त्याचं काही काम असतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. पण ऐंशीच्या दशकात पाहिलेले सिनेमे आता मोबाईलवर तुकड्यातुकड्यांनी समोर येतात, आणि पुतणे-भाचे त्यातले संवाद पाठ म्हणून दाखवतात, तेव्हा त्यांना सांगावंसं वाटतं की बाबांनो, हे तुम्ही पडद्यावरचं बघताय. पडद्याच्या अलीकडेही बरंच चाललं होतं.

नारायणगावला तमाशापंढरी म्हणतात. पाडव्याच्या सुमारास फडमालकांच्या राहुट्या तिथं पडतात. गावोगावच्या यात्रा कमिट्यांची मंडळी या राहुटीतून त्या राहुटीत हिंडतात, भाव पाडतात, तारीख धरतात, इसार देतात. फडात माणसं किती, नाचणाऱ्या किती, ढोलकीला कोण, वग कुठला, ही चौकशी बाजारात बैलाचे दात बघावेत तितक्या बारकाईनं होते. मग चैत्र-वैशाखभर आज या गावची यात्रा, उद्या त्या गावची. सकाळी घाटात बैलगाड्यांच्या बाऱ्या, दुपारी कुस्त्यांचा आखाडा, रात्री तमाशा. सिनेमाच्या तंबूला यातून उरेल ती जागा आणि उरेल तो वेळ मिळायचा.

तंबू बहुधा सुगी आटोपल्यावर माळावर पडायचा. जीपवर भोंगा बांधून एक माणूस वाडीवस्त्यांवर ओरडत जायचा. त्याचं ओरडणं सिनेमापेक्षा जास्त रंगतदार असायचं, कारण त्याच्या सांगण्याप्रमाणे प्रत्येक सिनेमात मारामारी, भक्ती, विनोद आणि रडू हे सगळं होतं. कनातीच्या आत मातीत बसायचं. मधून दोरी. दोरीच्या एका बाजूला बाया, एका बाजूला बाप्ये. रीळ बदलताना काळोख व्हायचा आणि शिट्ट्या सुरू व्हायच्या.

त्याच काळात सिनेमाही तमाशात शिरत होता. गण झाला, गवळण झाली, की फर्माईश सुरू व्हायची आणि फडातल्या बाया हिंदी सिनेमातली गाणी म्हणायच्या. त्यामुळं कितीतरी गाणी मी सिनेमाच्या आधी तमाशात ऐकली. 'तेजाब' आला १९८८ मध्ये. त्यातलं माधुरी दीक्षितचं आकड्यांचं गाणं मला पहिल्यांदा भेटलं ते ढोलकी-हलगीवर, पहाटेच्या थंडीत, एका गावच्या यात्रेत. गाणारी बाई आकड्यांच्या मध्ये थांबून पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याची फिरकी घेत होती. पुढं तेच गाणं पडद्यावर पाहिलं. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचा तो केवढा वाद्यमेळ, अलका याज्ञिकचा आवाज, माधुरीचं नाचणं. सगळं मान्य. तरी मला ती नक्कल वाटली. प्रेक्षकांनी पडद्याकडे नाणी फेकली, पण ती उचलून त्यांचं नाव पुकारायला कुणी पुढं आलं नाही.

दादा कोंडके मात्र या मापात चपखल बसले. लालबागच्या गिरणगावात वाढलेला, सेवादलाच्या कलापथकात तयार झालेला, वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यातून नावारूपाला आलेला हा माणूस. आमच्या लोकांना त्याची ओळख करून द्यावी लागली नाही. सोंगाड्या म्हणजे काय ते त्यांना जन्मापासून ठाऊक होतं. 'सोंगाड्या' नावाचा त्यांचा सिनेमा १९७१ चा, पण मी तो कितीतरी नंतर, रिळावर पावसासारख्या रेघा पडायला लागल्यावर तंबूत पाहिला. ऐंशीच्या दशकात 'ह्योच नवरा पाहिजे', 'आली अंगावर', 'मुका घ्या मुका' असे एकामागून एक आले. सलग नऊ सिनेमांचा रौप्यमहोत्सव झाला म्हणून गिनीज बुकात त्यांची नोंद झाल्याचं सांगतात. शहरातले शहाणे लोक त्यांच्या द्व्यर्थी संवादांवर नाकं मुरडत. आमच्याकडे त्याचं कुणाला नवल नव्हतं. बतावणी ऐकत मोठे झालेल्यांना शब्दाचा दुसरा अर्थ पहिल्याच्या आधी कळायचा. माझी आजी दोरीपलीकडे बसून पदर तोंडाला लावून हसायची, घरी येताना 'मेला चावट हाये' म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर साऱ्या बायांना गोष्ट पहिल्यापासून सांगायची. चावट जागा गाळून सांगत असेल असं मला वाटायचं. बायांच्या हसण्यावरून तसं दिसत नव्हतं.

आता ते सिनेमे बघवतात का? खरं सांगायचं तर पुरते नाही. तोच विनोद चौथ्यांदा आला की मी पुढं ढकलतो. बाईच्या अंगावरून केलेले काही विनोद तेव्हाही कच्चेच होते, आता तर ते टोचतात. पण दोन गोष्टींसाठी मी थांबतो. एक म्हणजे लोंबत्या नाडीचा तो भोळसट गडी. त्याला जमीन नाही, शिक्षण नाही, जो तो त्याला टपल्या मारतो, आणि तरी हवालदारापासून पुढाऱ्यापर्यंत कुणालाही तो असं काही बोलून जातो की समोरच्याला राग धरता येत नाही. वगातला सोंगाड्या राजापुढं हेच करायचा. दुसरी गोष्ट म्हणजे उषा चव्हाण. नायिका म्हणून तिच्या वाट्याला काय यायचं ते सोडा. पण ती कधी खाली बघून उभी राहिली नाही. समोरच्या पुरुषांचीच भंबेरी उडायची. माझ्या चुलतीला दादांपेक्षा ती जास्त आवडायची.

तमाशातली बाई मात्र मराठी सिनेमाला कधी नीट दिसली नाही, असं माझं मत आहे, आणि या बाबतीत मी आमच्या भागाची बाजू घेऊन बोलणार. व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' १९७२ चा असला, तरी आमच्या तंबूंत तो ऐंशीच्या दशकातही फिरत होता. श्रीराम लागूंचा आदर्श मास्तर, संध्या यांची नाचणारी, आणि तिच्यापायी मास्तराची झालेली धूळधाण. गाणी लोकांना पाठ होती. पण सिनेमा सुटल्यावर आमचे नाना, म्हणजे माझे थोरले चुलते, तंबाखू मळत म्हणाले, "मास्तरच कच्चा होता. त्याला तमाशा काय करील?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांच्या लेखी तमाशा हा कुणाचा नाश करायला गावात येणारा प्रकार नव्हता. ज्याच्याशी भाव करायचा, ज्याला मुक्कामाला जागा द्यायची, ज्याच्या गाड्या चिखलातून ढकलायच्या, असा तो एक चालता धंदा होता.

आणि याच मातीतली विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर त्यांनी पाहिलेली होती. बाप-चुलत्यांच्या फडात वाढलेली, पुढं स्वतःच्या फडावर शेकडो पोटं सांभाळलेली बाई. राष्ट्रपतींच्या हातून गौरवलेली. दिवस भरलेले असताना नाचता नाचता कळा आल्या, तिनं पडद्यामागं जाऊन बाळाला जन्म दिला आणि पुन्हा बोर्डावर उभी राहिली, ही तिची हकिकत आमच्याकडे आयाबाया मुलींना सांगत. सांगताना तमाशाचा मुद्दा मागं राहायचा आणि बाईच्या जिवाचा पुढं यायचा. २००२ मध्ये ती गेली, तेव्हा ती किती विपन्नावस्थेत होती हे सर्वांनी वाचलं. सिनेमातली तमासगीरीण मरते ती प्रेमापायी. विठाबाईच्या आयुष्यात दसऱ्याला फड बाहेर काढण्यासाठी उचललेली कर्जं होती, पावसाळ्याचे रिकामे महिने होते, लोकांच्या जिभेवरची जात होती. यातलं काही तंबूतल्या पडद्यावर मी पाहिलं नाही. ते बघायला नारायणगावच्या राहुटीत डोकावलं तरी पुरत होतं.

पडद्यावरच्या गावाबद्दलही असंच. तिथं पाटलाचा वाडा असे, उसाचा फड असे, नायिकेच्या डोईवर घागर असे आणि नायक दिवसाढवळ्या मोकळा असे. त्या वर्षांत आमच्याकडे कुकडी प्रकल्पाची कामं चालू होती. येडगाव, वडज, माणिकडोह, डिंभे. डोंगर फुटत होते, कालवे खणले जात होते. पाणी पार पारनेर-श्रीगोंदा-करमाळ्याकडे जायचं होतं. पूर्वेकडच्या गावांत द्राक्षं आणि ऊस दिसायला लागले, पश्चिमेकडच्या खोऱ्यांतली गावं उठायला लागली. आंबेगाव तालुक्याची कचेरी घोडेगावात, मोठी पेठ मंचरला, आणि ज्या आंबेगावाचं नाव तालुक्याला मिळालं ते घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली. यापेक्षा मोठी 'ष्टोरी' कुठल्या भोंगेवाल्यानं ओरडून सांगितली असती? पण माझ्या बघण्यातल्या एकाही चालत्या सिनेमात नायकाचं घर धरणात गेलं नाही. ते पाटलाकडं गहाण पडायचं.

डोंगरातल्या माणसांवरचा 'जैत रे जैत' तेवढा पाहिला होता. जब्बार पटेलांचा, १९७७ चा, गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा. ठाकरांचं जग, मोहन आगाशे, स्मिता पाटील आणि मधमाश्यांनी भरलेला तो सुळका. मला तो फार आवडला. आमच्या वर्गात आहुप्याकडचा एक पोरगा होता. त्यालाही आवडला, पण त्याची एक तक्रार होती. तो म्हणाला, "आग्या मोहोळाकडं जाताना कुणी एवढं गातं व्हय? तिथं शिंकायचीबी चोरी."

टीव्ही आला तेव्हा आमच्या भागाची एक गंमतच झाली. नारायणगावजवळ आर्वीला उपग्रह भूस्थानक सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून होतं. विक्रम साराभाईंचं नाव दिलेलं. समुद्रापलीकडच्या देशांचे टेलिफोन त्याच्या प्रचंड छत्रीतून जातात असं मास्तर सांगायचे आणि आमची सहल तिथं न्यायचे. त्या छत्रीपासून हाकेच्या अंतरावर राहणारे आम्ही, सिंहगडावरून येणारी दूरदर्शनची चित्रं पकडण्यासाठी धाब्यावर चढून अँटेना फिरवत बसायचो. एक जण वर, एक दारात, एक टीव्हीपुढं. "आलं का?" "आलं. गेलं." सिनेमातला नायक बोलायला लागला की मुंग्या यायच्या.

'उंबरठा' असाच मुंग्यांमधून पाहिला. सिनेमा १९८२ चा, जब्बार पटेलांचाच, शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरचा, पटकथा विजय तेंडुलकरांची. ओटीवर गल्लीतल्या साऱ्या बाया जमलेल्या. स्मिता पाटीलची सुलभा नवरा आणि लहान लेक सोडून महिलाश्रम चालवायला जाते इथपर्यंत ओटीवर कुजबुज होती. लेकरू टाकून गेली, असं एक-दोघी बोलल्या. तिथल्या बायांचे हाल बघताना कुजबुज थांबली. ती परत येते, नवऱ्याचं दुसरीकडं जमलेलं कळतं, आणि ती पुन्हा बाहेर पडते. शेवट झाल्यावर मला वाटलं, आता वाद होणार. पुरुष सरळसरळ नवऱ्याच्या बाजूनं होते. तेवढ्यात माझी चुलती म्हणाली, "जावंचं काय मग? त्या पोरीचं सगळं जावेनं केलं. तिचं नाव कुणी घेईना."

त्यानंतर 'उंबरठा'वर मी बरंच वाचलं. घर सोडणारी बाई, घर अडवणारा समाज. सगळं पटतं. पण दुसऱ्याचं मूल वाढवून कुठल्याच बाजूला न मोजली जाणारी ती जाऊ मला चुलतीनं दाखवली. एकत्र कुटुंबात आयुष्य काढलेल्या बाईची नजर आधी तिथंच जायची. चुलतीनं स्वतः दोन दिरांची पोरं वाढवली होती, त्यातला एक मी. स्मिता पाटील १९८६ च्या डिसेंबरात गेली, बाळंतपणानंतर. बातमी ऐकून चुलतीनं त्या दिवशी टीव्ही लावू दिला नाही.

हिंदी सिनेमे मी बहुतेक गणेशोत्सवात पाहिले. व्हिडिओ भाड्यानं आणायचा, मंडपात टीव्ही उंचावर ठेवायचा, रात्रीत तीन सिनेमे. पहिला सगळे बघायचे, दुसरा अर्धे, तिसऱ्याला व्हिडिओवाला एकटा जागा असायचा. त्यामुळं मिथुनचे कितीतरी सिनेमे मला सुरुवातीपर्यंतच माहीत आहेत. 'कुली'त अमिताभला खरोखर मार लागला ती जागा आली की चित्र थांबतं आणि पडद्यावर पाटी येते. मनमोहन देसाईंनीच ती तशी ठेवली होती. आमच्याकडे कॅसेट अडकली समजून व्हिडिओवाल्याला शिव्या पडल्या. पाटी वाचून झाल्यावर मंडप गप्प झाला आणि कुणीतरी गणपतीला नारळ वाढवायचं ठरवलं, सिनेमा येऊन कितीतरी वर्षं झालेली असताना.

मराठी सिनेमाचं गाव सुटलं ते मात्र माझ्या डोळ्यांदेखत. १९८५ ला महेश कोठारे यांचा 'धूमधडाका' आला. १९८७ ला सचिनचा 'गंमत जंमत', १९८८ ला 'अशी ही बनवाबनवी'. 'धूमधडाका'ची गोष्ट 'प्यार किये जा'वरून आणि 'बनवाबनवी'ची 'बीवी और मकान'वरून घेतलेली; दोन्ही हिंदी सिनेमे १९६६ चे. आम्ही ते पाहिलेले नव्हते आणि पाहिले असते तरी फरक पडला नसता. अशोक सराफ पाईप ओढत खोकला तेव्हा ती गोष्ट आमचीच झाली.

'बनवाबनवी' मी पुण्यात पाहिला, रूमवरच्या मित्रांबरोबर. नाशिक रस्त्यानं खाली उतरलेले आम्ही सगळे, कुणी कॉलेजात, कुणी भोसरी-पिंपरीच्या कंपनीत. आम्हाला त्या सिनेमात विनोदाआधी भाडं दिसलं. जोडप्यालाच जागा देणाऱ्या लीलाबाई काळभोर पडद्यावर आल्या, तेव्हा आमच्या रांगेतून आलेला आवाज हसण्याचा नव्हता. आम्ही जागा शोधत फिरलो तेव्हा एका घरमालकानं आधी गाव विचारलं, मग आडनाव, मग आडनावावरून आणखी काही विचारलं, आणि शेवटी मटण करता का म्हणाला. लग्नाचं त्यानं विचारलंच नाही. सिनेमातल्या चौघांची अडचण साडी नेसून सुटण्यासारखी होती म्हणून मला त्यांचा हेवा वाटला. आमच्यातल्या एकाचं आडनाव लुगड्याखाली झाकण्यासारखं नव्हतं. तो सिनेमात सर्वांत जास्त हसला, आणि पुढं वर्षभर त्यानंच आम्हाला त्यातले संवाद म्हणून दाखवले. सबनिसांनी लिहिलेले संवाद. दादांना 'विच्छा' देणारा लेखक आता पुण्याच्या भाडेकरूंसाठी लिहीत होता; त्यात मला दशकाचा सारा प्रवास दिसतो. १९८० मध्ये नायक बांधावर उभा होता. १९८८ मध्ये तो डिपॉझिट कुठून आणू म्हणून हिंडत होता. आणि नीट आठवून बघा, त्या सिनेमात कुणालाही गावी परत जायचं नसतं.

गावाकडे तो पोचला तेव्हा नानांनी माप काढलंच. आमच्या लोकांना साडी नेसलेल्या पुरुषाचं अप्रूप नव्हतं. गवळणीतली मावशी म्हणजे पुरुषच. कंबरेवर हात ठेवून कृष्णाची वाट अडवणारी. नाना म्हणाले, "लक्ष्या मावशीला शोभतो. सचिन लई नटलाय, त्याला फडात कुणी ठेवायचं नाय." लक्ष्मीकांत बेर्डेची पार्वती चालताना तोल सोडते, पदर विसरते, मध्येच बाप्यासारखी बसते, आणि तरी तिच्यावर विश्वास बसतो. या अभिनयाबद्दल पुढं मोठमोठ्यांनी लिहिलेलं मी वाचलं. नानांच्या एका वाक्यात ते सगळं होतं असं म्हणणार नाही, पण बरंचसं होतं.

दशक संपता संपता, १९८९ च्या डिसेंबरात, 'मैंने प्यार किया' आला आणि वर्षभर आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात त्याची गाणी वाजली. असाच एका लग्नाचा मांडव, रात्री व्हिडिओ लावलेला. मी तोवर थोडं वाचायला लागलो होतो, म्हणून नानांना ऐट दाखवत सांगितलं की याचं संगीत रामलक्ष्मणचं आहे, म्हणजे आपल्या दादांच्याच 'पांडू हवालदार'वाल्यांचं. जोडीतले राम म्हणजे सुरेंद्र हेंद्रे लवकर गेले, विजय पाटलांनी एकट्यानं दोघांचं नाव चालवलं. नानांनी मान वळवून पडद्याकडं नीट पाहिलं. तिथं सलमान खान गात होता, कबुतर चिठ्ठी नेत होतं, आणि लक्ष्मीकांत बेर्डे त्या घरचा नोकर होता.

"पेटी आपली, सोंगाड्या आपला," नाना म्हणाले, "आन् त्याला चहा द्यायला ठेवलाय? दादांनी लक्ष्यालाच हीरो केला असता. कबुतराच्या जागी कोंबडी दिली असती. पिक्चर ह्याच्या दुप्पट चालला असता."

त्या सिनेमाचं नावही त्यांनी तिथल्या तिथं सुचवलं होतं. मांडवातल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. ते नाव मला अजून पाठ आहे, पण ते इथं छापण्याजोगं नाही.